धर्मादायाचा धनी कोण ?

आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं वाडवडिलांच्या वेळच्या पेढीच्या वह्या अद्याप माळ्यावर पडून असतील, त्यांनीं त्यांतील एखादी खालीं काढून तिचीं पानें चाळून पहावीं, अशी आमची त्यांस विनंति आहे. लाल कापडी बांधणीच्या त्या वहींत आडत, दलाली, हमाली, तोलाई या सर्वांच्या जोडीला 'धर्मादाय' या नांवाचें एक खातें बहुधा सांपडेल. पोत्यामागें किंवा गांठीमागें पै-पैसा गिऱ्हाइकाच्या हिशेबांत चढवावयाचा आणि तो या खात्यास जमा करावयाचा, अशी ही रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. ती कोणा राजानें घालून दिली नव्हती. न पाळल्यास कोणी फौजदार दारीं येत नव्हता. बाजारानें आपण होऊन आपल्यावर बसविलेली ही पट्टी होती, आणि एरव्हीं पैशापैशासाठीं हुज्जत घालणारें गिऱ्हाईकहि ती निमूटपणें देत असे. आमच्या व्यापारी वर्गाच्या अंगच्या धर्मबुद्धीचा पुरावा शोधण्यास याहून दूर जावयास नको.

परंतु त्याच खात्याची दुसरी बाजूहि वाचकांनीं पहावी. जमेकडे पै न् पै लिहिलेली असते. नांवेकडे मात्र 'धर्मार्थ दिले', 'देवस्थानाकडे', 'गोसावी यांस', 'किरकोळ' असल्या नोंदी! कोणास दिले, कशाकरितां दिले, त्यानें कोणाचें कोणतें दुःख हलकें झालें, याविषयीं वही मुकी आहे. साखरेच्या पोत्यांत अर्धा शेर तूट आली तर जो गृहस्थ आडत्याला पत्रांवर पत्रें लिहितो, तो परमेश्वराच्या नांवानें गोळा केलेल्या पैशाची पोंच कोणाजवळ मागत नाहीं. हा मोघमपणा लहानसा दोष नव्हे. आमच्या दानधर्माचें पुष्कळसें पाणी ज्या भोंकांतून वाहून जातें तें भोंक हेंच होय, असें आमचें मत आहे.

या मोघमपणाची एकदां मोठ्या न्यायासनापुढें परीक्षा झालेली आहे. मुंबई इलाख्यांतील एका हिंदु गृहस्थानें आपल्या मृत्युपत्रांत मिळकतीचा शेष भाग 'धरम' करण्यासाठीं विश्वस्तांच्या हवालीं केला होता. वाद विलायतेस प्रिव्ही कौन्सिलापर्यंत गेला, आणि १८९९ सालीं रणछोडदास विरुद्ध पार्वतीबाई या खटल्यांत ती देणगी रद्द ठरली. कारण काय ? तर कायदा, सद्गुण, नैतिक कर्तव्य इतके सगळे अर्थ ज्या शब्दाच्या पोटांत मावतात, त्या शब्दावरून विश्वस्तांनीं पैसा योग्य कामीं लाविला कीं नाहीं हें कोणतेंहि न्यायालय तपासूं शकणार नाहीं. या निकालावर आमच्या कायदेपंडितांनीं पुढें पुष्कळ टीका केली, व ती अस्थानीं नव्हती. सात समुद्रांपलीकडे बसलेल्या न्यायाधीशांस 'धर्म' या शब्दाचें मर्म कळलें नाहीं, असें म्हणणें सोपें आहे. पण ज्या प्रश्नावर ते अडले तो प्रश्न आम्हीं तरी आपल्या मनास कधीं विचारला होता काय ?

स्वराज्य आल्यावर कायद्यानें ही अडचण दूर केली. मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० सालचा. हल्लीं त्यास महाराष्ट्राचें नांव मिळालें आहे. त्याच्या दहाव्या कलमांत, केवळ 'धर्म' किंवा 'धर्मादाय' असा मोघम हेतु लिहिला एवढ्याच कारणावरून सार्वजनिक न्यास रद्द होणार नाहीं, असें स्पष्ट केलें आहे. मात्र याच कायद्याचें चौपन्नावें कलम फार थोड्या व्यापाऱ्यांनीं वाचलें असेल, आणि आमच्या विषयाचें तें मूळ आहे. व्यापाराच्या रूढीप्रमाणें गिऱ्हाइकाकडून धर्मकार्यासाठीं म्हणून जी रक्कम घेतली जाते ती घेणाऱ्याच्या हातीं विश्वस्त या नात्यानें येते, मालक या नात्यानें नव्हे. आणि हिशेबाचें वर्ष संपल्यापासून तीन महिन्यांच्या आंत तिचा जमाखर्च धर्मादाय आयुक्तांच्या कचेरींत सादर केला पाहिजे, असें तें कलम सांगतें. पुढें १९७९ सालीं हाथरसच्या बिजली कॉटन मिल्सच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें प्राप्तिकराच्या बाबतींत असाच निर्णय दिला. धर्मादाय म्हणून घेतलेला पैसा हा व्यापाऱ्याचें उत्पन्नच नव्हे, सबब त्यावर कर नाहीं. व्यापाऱ्यांस हा निकाल गोड वाटला. वाटावा हें साहजिक आहे. पण ज्या युक्तिवादानें कर वांचला त्याच युक्तिवादानें मालकीहि गेली, ही गोष्ट किती जणांच्या ध्यानांत आली, हें त्यांचें त्यांनीं ठरवावें.

मग या पैशाचा धनी कोण ? पेढीचा मालक नव्हे, हें कायद्यानें सांगितलें. देव म्हणावा, तर ज्या देवाच्या इच्छेवांचून झाडाचें पान हालत नाहीं त्याला आमच्या पोत्यामागच्या पैशाची गरज काय ? आमच्या मतें या पैशाचा धनी आज मुंबईंत परळाच्या पदपथावर एका प्लास्टिकच्या कागदाखालीं बसलेला आहे. ज्यांस शंका असेल त्यांनीं पावसाळ्याच्या एखाद्या सायंकाळीं तेथें जाऊन यावें.

परळास टाटा रुग्णालय आहे. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ सालीं रक्ताच्या कर्करोगानें वारल्या. दुसऱ्याच वर्षीं त्यांचे पति सर दोराबजीहि निवर्तले. आणि त्यांच्या नांवाच्या निधींतून १९४१ च्या फेब्रुवारींत हें रुग्णालय उघडलें. पारशी दात्याचा पैसा, पण रोग्यास जात कोणती व देव कोणता हें पहिल्या दिवसापासून कोणी विचारलें नाहीं. १९५७ सालीं तें केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याकडे व १९६२ सालीं अणुशक्ति खात्याकडे गेलें. आसाम, बंगाल, बिहार, उत्तर प्रदेश, ओरिसा आणि आमचे विदर्भ-मराठवाडा, इतक्या दूरदूरच्या मुलुखांतून रोगी येथें येतात. आंत गेल्यावर त्यांस चांगले वैद्य भेटतात, आणि गरिबांस पुष्कळ उपचार फुकट किंवा नाममात्र खर्चांत मिळतात. तेथवर व्यवस्था उत्तम. प्रश्न बाहेरचा आहे.

कर्करोगाचा उपचार ताप-खोकल्यासारखा एका बाटलीनें होत नाहीं. किरणांचा उपचार असला तर तो आठवड्याचे पांच दिवस, रोज कांहीं मिनिटें, असा कित्येकदां पांच-सहा आठवडे चालतो. शिरेंतून द्यावयाचीं औषधें दर दोन-तीन आठवड्यांनीं, पाळीपाळीनें, महिनोन्‌महिने द्यावीं लागतात. यांतल्या प्रत्येक दिवशीं रोग्यास खाटेवर ठेवण्याची गरज नसते, आणि ठेवूं म्हटलें तरी इतक्या खाटा आणावयाच्या कोठून ? म्हणून त्यास बाहेरून येण्यास सांगतात. आतां 'बाहेरून' या शब्दाचा अर्थ दादरच्या चाकरमान्यास एक आणि दरभंग्याच्या शेतमजुरास दुसरा. मुंबईंत एक खोली भाड्यानें घ्यावयाची तर त्याच्या घरची म्हैस एका महिन्यांत संपते. मग डॉक्टर अर्नेस्ट बोर्जिस या थोर शस्त्रवैद्याचें नांव दिलेल्या रस्त्याच्या कडेला, भिंतीला पाठ लावून, चूल नाहीं, मोरी नाहीं, अशा स्थितींत तो, त्याची बायको आणि औषधांची पिशवी असा संसार मांडला जातो.

येथें एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, कारण ती न कळल्यामुळेंच पुष्कळ दाते औषधाला पैसे देतात आणि छपराला देत नाहींत. या रोगाचीं औषधें रोगासच मारतात असें नाहीं. रक्तांतील ज्या पांढऱ्या पेशी शरीराचें रक्षण करितात, त्यांचाहि तीं नाश करितात. औषध घेतल्यावर कांहीं दिवस रोग्याचें शरीर कोट पडलेल्या गांवासारखें असतें. साधा जुलाब, साधा ताप त्याच्या प्राणावर बेतूं शकतो. अशा रोग्यास गटाराच्या कांठीं निजविणें आणि मग हजारों रुपयांचीं औषधें देणें, हें एका हातानें घडा भरून दुसऱ्या हातानें त्याला छिद्र पाडण्यासारखें आहे. त्या रोग्याच्या बाबतींत छप्पर, स्वच्छ पाणी, शिजलेलें ताजें अन्न हीं दयेचीं दानें नव्हेत. ती औषधाचीच अर्धी मात्रा आहे. दुसरेंहि एक आहे. मुक्कामास जागा नाहीं म्हणून कंटाळून जो रोगी अर्ध्या उपचारावरून गांवीं परत जातो, त्याच्यावर झालेला पहिल्या अर्ध्याचा सगळा खर्च वायां जातो, व बहुधा तो मनुष्यहि.

ही गोष्ट आमच्याकडे एका मनुष्यानें फार पूर्वीं ओळखली होती. तो वैद्य नव्हता, वकील नव्हता, त्यास अक्षरओळखहि बेताचीच होती. अमरावती जिल्ह्यांतील शेंडगांवीं २३ फेब्रुवारी १८७६ रोजीं एका परीट कुटुंबांत जन्मलेला डेबूजी झिंगराजी जानोरकर, ज्यास पुढें सारा महाराष्ट्र गाडगे महाराज म्हणूं लागला, त्याचें नांव घेतलें म्हणजे आमच्या शहरी वाचकांच्या डोळ्यांसमोर एक खराटा, एक फुटकें गाडगें आणि चिंध्यांचा अंगरखा एवढेंच उभें राहतें. शासनानें त्यांच्या नांवानें ग्रामस्वच्छतेची मोहीम काढली, अमरावतीच्या विद्यापीठास त्यांचें नांव दिलें, हें योग्यच झालें. पण खराट्याच्या कौतुकांत त्यांच्या दुसऱ्या एका विद्येकडे दुर्लक्ष झालें आहे. ही विद्या म्हणजे पैशाला नेमकें काम नेमून देण्याची. व्यापाऱ्यांनीं त्यांच्यापासून शिकावें अशी ही गोष्ट आहे, आणि ती आम्हीं विनोदानें म्हणत नाहीं.

१९०५ च्या फेब्रुवारींत महाराज घर सोडून निघाले. पूर्णेच्या कांठीं ऋणमोचनास जत्रा भरे. नदीकांठच्या चिखलांतून म्हातारीं-कोतारीं माणसें घसरत-पडत स्नानास जात. महाराजांनीं तेथें पहिलें काम काय केलें ? देऊळ बांधलें नाहीं, घाट बांधविला. पुढें त्यांनीं पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक येथें धर्मशाळा उभ्या केल्या, सदावर्तें घातलीं, आंधळ्या-पांगळ्यांस अन्नवस्त्र दिलें. ज्या गांवीं जावें तेथील रस्ते दिवसभर झाडावे, आणि रात्रीं त्याच लोकांस गोळा करून कर्ज, दारू, नवसाचीं बकरीं आणि शिवाशीव यांच्यावर कीर्तनांतून कोरडे ओढावे, असा त्यांचा क्रम असे. पंढरीची वारी त्यांनीं वर्षानुवर्षे केली. पण देवळांत दर्शनास म्हणून ते जात नसत असें सांगतात. देव मानीत नव्हते असें नाहीं. गोपाळाच्या नांवाचा गजर त्यांच्या कीर्तनांत अखंड चाले. मात्र त्यांचा देव धर्मशाळेच्या ओसरीवर उतरलेला असे.

पंढरपुरांतील चोखामेळा धर्मशाळेची हकीकत येथें थोडी विस्तारानें सांगण्याजोगी आहे. ज्या चोखोबाची समाधि महाद्वारासमोर आहे, त्याच्या जातीच्या वारकऱ्यांस त्या काळीं देवळांत प्रवेश तर नव्हताच. परंतु पंढरपुरांत रात्रीं पाठ टेकण्यासहि जागा नसे. शेंकडों कोस चालून आलेला मनुष्य चंद्रभागेच्या वाळवंटांत, पावसांत भिजत, आषाढीची रात्र काढी. गांवांत धर्मशाळा थोड्या नव्हत्या. त्यांवर दात्यांचीं नांवें संगमरवरांत कोरलेलीं होतीं, आणि धर्म या शब्दाचा मोघम अर्थ त्या दात्यांस पुरेसा होता. महाराजांनीं असा मोघम अर्थ घेतला नाहीं. कोणाला छप्पर नाहीं, असा त्यांनीं सरळ प्रश्न केला, आणि ज्याला नाहीं त्याच्यासाठीं इमारत बांधली. देवळाचा दरवाजा या लोकांस १९४७ सालीं, साने गुरुजींच्या प्राणांतिक उपोषणानंतर उघडला. धर्मशाळेचा दरवाजा महाराजांनीं त्याच्या कितीतरी वर्षें आधीं उघडून ठेविला होता.

आजच्या वाचकांस येथें एक आक्षेप सुचेल. महाराजांच्या पंढरपुरांतील धर्मशाळा जातवार कां ? अस्पृश्यांस वेगळी, मराठ्यांस वेगळी, परिटांस वेगळी, हें सुधारकाचें काम कीं जातिभेदाचें ? आक्षेप खरा आहे, आणि महाराजांच्या भक्तांनीं तो झटकून टाकूं नये. आमचें उत्तर एवढेंच कीं, ज्या समाजांत प्रत्येक जात आपल्या जातीपुरतीच थैली सोडीत होती, त्या समाजाकडून त्यांस पैसा काढावयाचा होता, आणि सर्वांत बंद असलेल्या दारापासून आरंभ करावयाचा होता. ही तडजोड होती. ती कायमची राहूं नये अशी त्यांची बुद्धि होती याला पुढचा पुरावा आहे. १९४९ सालीं ती चोखामेळा धर्मशाळा महाराजांनीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. वारकऱ्यांच्या मुक्कामाची जागा मुलांच्या शिक्षणाच्या कामीं आली. काळ बदलला, गरज बदलली, तेव्हां दानाचाहि उपयोग बदलला. आमच्या कित्येक देवस्थानांस शंभर वर्षांत जें सुचलें नाहीं तें या माणसास आपल्या हयातींत सुचलें व त्यानें तें करून टाकलें.

आणि शेवटीं तो मनुष्य मुंबईस रुग्णालयाच्या दारीं येऊन उभा राहिला. १९५४ सालीं जे. जे. रुग्णालयाजवळ त्यांनीं धर्मशाळा बांधविली. ती यात्रेकरूंसाठीं नव्हे. रोग्यांसाठीं व त्यांच्या सोबत्यांसाठीं होती. धर्मशाळा ही संस्था आमच्याकडे हजारों वर्षांची. पण ती तीर्थाच्या वाटेवर असावयाची, अशी आमची समजूत. महाराजांनीं पाहिलें कीं, गरीब मनुष्य आतां दुःख घेऊन ज्या वाटेनें अधिक जातो ती वाट रुग्णालयाची आहे. तेव्हां धर्मशाळाहि त्या वाटेवर गेली पाहिजे. २० डिसेंबर १९५६ रोजीं अमरावतीजवळ वलगांव येथें पेढी नदीच्या पुलापाशीं त्यांचें देहावसान झालें. त्यांच्या मागें त्यांच्या नांवाच्या मिशननें, जें १९५२ सालीं स्थापन झालें होतें, दादरास धर्मशाळा चालविली, व टाटा रुग्णालयांत येणाऱ्या कित्येक परगांवच्या रोग्यांस तिचाच आसरा मिळत आला आहे. परळाच्या पदपथावरचा एक संसार जेव्हां तेथील खोलींत जातो, तेव्हां त्या रोग्याची अर्धी मात्रा पुरी होते.

महाराजांच्या व्यवहाराचा आणखी एक विशेष व्यापाऱ्यांनीं पाहण्यासारखा आहे. लाखों रुपयांच्या इमारती उठल्या, पण त्यांपैकीं एकीवरहि त्यांनीं आपला किंवा आपल्या कुटुंबाचा हक्क ठेविला नाहीं. सर्व संस्था त्यांनीं विश्वस्तांच्या हवालीं केल्या. आपण कोणाचे गुरु नाहीं व आपला कोणी शिष्य नाहीं, असें ते उघड सांगत. म्हणजे गादी नाहीं, वारस नाहीं, पालखी नाहीं. ज्या देशांत एका समाधीवर दोन पिढ्यांत चार गाद्या निघतात व चारही गाद्यांचे वाद दिवाणी न्यायालयांत पडून राहतात, त्या देशांत ही गोष्ट साधी नाहीं. पैसा देणाऱ्याचा नाहीं, घेणाऱ्याचाहि नाहीं. ज्याच्या नांवानें घेतला त्या दुःखिताचा आहे, हें १९५० च्या कायद्याचें तत्त्व त्यांनीं कायदा होण्याच्या आधींच पाळलें होतें.

कोणी म्हणेल, तुम्ही हिंदु साधूचाच एवढा गौरव करितां, इतर धर्मांच्या सेवेचें काय ? तें सांगितल्यावांचून हा लेख अपुरा राहील, आणि सांगणें थोडें कडूहि आहे. पंडिता रमाबाईंनीं १८८९ सालीं मुंबईस विधवांसाठीं शारदासदन काढलें व पुढें तें पुण्यास नेलें. तेथील मुली बाईंच्या ख्रिस्ती प्रार्थनेस बसतात असा गवगवा झाला, आणि १८९३ सालीं न्यायमूर्ति रानडे व डॉक्टर भांडारकर यांनीं त्या संस्थेशीं असलेला आपला सल्लागारपणाचा संबंध सोडला. आक्षेप पोकळ नव्हता. निराधार मुलीला भाकरीबरोबर बाप्तिस्म्याची वाट दाखविणें हें आम्हांस तेव्हांहि मान्य नव्हतें व आजहि नाहीं. भुकेल्या माणसाचा होकार हा मोकळा होकार नव्हे. परंतु १८९७ च्या सुमारास मध्यप्रांतांत दुष्काळानें हाहाकार उडाला असतां त्या बाई स्वतः तेथें गेल्या व शेंकडों मुलींस केडगांवास घेऊन आल्या, त्या वेळीं आक्षेप घेणाऱ्यांपैकीं किती जण गेले होते ? शिव्या देऊन हा प्रश्न सुटणार नव्हता. तो सुटला थोडासा अण्णासाहेब कर्व्यांच्या हातून. १८९६ सालीं त्यांनीं आपला आश्रम काढला, आणि गंमत अशी कीं त्यांची पत्नी त्याच शारदासदनाची विद्यार्थिनी होती.

मिरजेस १८९४ पासून अमेरिकन मिशनचें रुग्णालय चालत आलें, आणि त्याच्या दारांत दक्षिण महाराष्ट्राचा किती रोगी उभा राहिला याची गणना नाहीं. वांद्र्यास १९८६ सालीं शांति आवेदना सदन निघालें. ज्यांचा कर्करोग बरा होण्याची आशा उरली नाहीं त्यांस शेवटचे दिवस वेदनेशिवाय काढतां यावेत म्हणून देशांत निघालेली ही पहिली जागा, आणि तेथें मरणोन्मुख माणसाचें अंग पुसणाऱ्या बाया ख्रिस्ती जोगिणी आहेत; त्याबद्दल रोग्याकडून पैसा घेत नाहींत. सेवा करणाऱ्याचा देव कोणता, हें आम्ही विचारणार नाहीं. सेवेच्या बदल्यांत तो कांहीं मागतो काय, एवढेंच विचारूं. आणि हा प्रश्न मिशनऱ्यास जसा विचारूं तसाच आपल्या देवस्थानासहि विचारूं. अन्नछत्राच्या पंगतींत जो दुरून आलेला भिकारी मागच्या दारीं बसविला जातो, त्याच्याकडूनहि आम्ही कांहीं घेतच असतों.

'हें काम सरकारचें आहे' असें म्हणून हात झटकणारेहि पुष्कळ आहेत. सरकारचें आहेच, पण सरकारनें जो वांटा धर्मादायावर टाकला आहे त्याची तरी वाट काय लागली? जीं मोठीं रुग्णालयें धर्मादाय म्हणून नोंदलेलीं आहेत, आणि त्या नोंदीचे फायदे घेतात, त्यांनीं शंभरांतल्या दहा खाटा निर्धनांस फुकट व आणखी दहा दुर्बळ घटकांस सवलतीनें दिल्या पाहिजेत, आणि एकूण बिलाच्या शेंकडा दोन इतकी रक्कम निर्धन रोग्यांच्या निधींत टाकली पाहिजे, अशी योजना मुंबई उच्च न्यायालयाच्या आज्ञेनें २००६ सालापासून अमलांत आहे. या रुग्णालयांच्या विश्वस्त मंडळांवर कोण बसतें ? बहुतकरून आमचाच वाचकवर्ग: कापडवाले, धान्यवाले, सराफ, कारखानदार. आम्ही त्यांस नम्रपणें विचारतों कीं, गेल्या बैठकींत त्या दहा खाटांचा हिशेब कोणी मागितला होता काय ? ज्या रोग्यास ही योजना आहे हेंच ठाऊक नाहीं, त्याला ती सांगण्याचें काम प्रवेशद्वारावरच्या कारकुनाकडे आहे, कीं तें कोणाकडेच नाहीं ?

मंदिराच्या शिखरास सोनें चढविणाऱ्यांस आम्ही नास्तिक म्हणणार नाहीं. तेहि श्रद्धेचें काम आहे, व आपल्या पैशाचें कोणीं काय करावें हें ज्याचें तो जाणे. आमचें बोलणें आपल्या पैशाविषयीं नाहींच. गिऱ्हाइकाच्या बिलांतून घेतलेला, देणगीपेटींत अनोळखी हातांनीं टाकलेला, न्यासाच्या नांवें करमाफी घेऊन सांठविलेला जो पैसा, त्याविषयीं आहे. तो परका आहे. परक्याची ठेव ज्या चोखपणें परत करावयाची त्याच चोखपणें तो धन्याकडे पोंचला पाहिजे. गीतेच्या सतराव्या अध्यायांत दानाचे भेद सांगतांना देश, काळ आणि पात्र पाहून दिलेल्या दानालाच सात्त्विक म्हटलें आहे. कोठें, केव्हां व कोणास, याहून वेगळें प्रिव्ही कौन्सिलानें तरी काय विचारलें होतें ?

दिवाळीच्या पाडव्यास नव्या वह्यांची पूजा होईल. कोणी कागदाची वही पुजील, कोणी संगणक पुजील, खातें तेंच. जमेची बाजू आपल्या पूर्वजांनीं नीट लावून दिलेली आहे, तिला हात लावण्याची गरज नाहीं. नांवेच्या बाजूस मात्र या वर्षीं 'धर्मार्थ' या एका शब्दावर न थांबतां पुढची ओळ लिहावी: परळास किरणोपचारासाठीं आलेला एक रोगी व त्याचा एक सोबती, जिल्हा अमुक, सहा आठवड्यांचा मुक्काम व दोन वेळचें जेवण, धर्मशाळेची पावती क्रमांक अमुक, रोगी उपचार पुरा करून गांवीं गेला, तारीख अमुक.